मातीचे मावळे आणि चार चिंचोके

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभारण्याची चाल महाराष्ट्रात घरोघर आहे. बेळगाव-खानापुराकडेही ती तितक्याच हौसेने पाळली जाते, आणि तेथून सरकत सरकत ती आमच्या जोयडा तालुक्यातल्या मराठी कुटुंबांतही पोहोचली आहे. दगडमाती रचायची, वर गोणपाटाचा तुकडा लिंपायचा, अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवायची, आणि मग बाजारातून आणलेले मावळे बुरुजाबुरुजावर उभे करायचे. हे मावळे आठ-दहा दिवस तलवार उपसून उभे राहतात आणि नंतर कागदात गुंडाळून खोक्यात जातात. गेली काही वर्षे शाळेतली मुले किल्ला करताना मला एकच प्रश्न विचारीत असत : “सर, मग लढाई केव्हा?”

प्रश्न रास्त आहे. ज्या शिपायाला लढायचेच नाही, त्याच्या हातात तलवार देण्यात स्वारस्य ते काय? या मातीच्या माणसांना नियमांनी कसे लढवावे, आणि त्यासाठी अद्भुतरम्य खेळांचे नियम उसने घेतले तर काय हाती लागते, याविषयी मी आज बोलणार आहे.

खेळातल्या शिपायांना लढवणे ही गोष्ट नवी नाही. आपले बुद्धिबळ हे मूळचे चतुरंग, म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ यांचे युद्धच. पण पटावरचे प्यादे कधी भिऊन मागे वळत नाही, त्याला झोप येत नाही, त्याचा पाय चिखलात रुतत नाही. ही उणीव भरून काढण्याचा खटाटोप प्रशियात राइसवित्स नावाच्या बापलेकांनी केला. बापाने आपला खेळ १८१२ साली राजाला दाखवला. मुलगा तोफखान्यात अधिकारी होता. त्याने तो सुधारून १८२४ साली नियमांचे पुस्तक छापले. त्यात नकाशा होता, फासे होते, आणि मुख्य म्हणजे दोन्ही बाजूंचे हुकूम ऐकून निकाल सांगणारा एक पंच होता. पुढे १८७६ साली व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने असे सुचवले की, नियमांच्या जंजाळापेक्षा अनुभवी पंचाच्या सारासार बुद्धीवर अधिक विसंबावे. शिक्षकाच्या धंद्यातल्या माणसाला हे मत आवडावे यात नवल नाही. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तक लिहिले. त्यात घरातल्या जमिनीवर शिपाई मांडून खेळण्यातल्या स्प्रिंगच्या तोफेने त्यांना खरोखरच पाडायचे असते.

येथवर सगळा मामला संख्येचा होता. खरे वळण लागले ते अमेरिकेत. १९६९ साली मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली याने एका लढाईच्या खेळात प्रत्येक खेळाडूला पलटण न देता एकेका व्यक्तीची भूमिका दिली. १९७१ साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’, म्हणजे कड्यांचे चिलखत, या नावाने मध्ययुगीन लढायांचे नियम छापले. त्यात मोठ्या लढाईत एक बाहुली म्हणजे वीस माणसे असा हिशेब होता, आणि शेवटी जादूगार, राक्षस, सर्पासुर यांची एक पुरवणी जोडलेली होती. डेव्ह आर्नेसन याने वेस्लीची कल्पना आणि हे नियम एकत्र आणले, आणि १९७४ साली गायगॅक्स व आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाहेर पडला. तो आज जगभर खेळला जातो. यात खेळाडू सेनापती नसतो. तो एकच माणूस असतो. त्या माणसाला नाव असते, गुण असतात, दोष असतात, आणि अंगात किती दम उरला याचा आकडा कागदावर लिहिलेला असतो. थोडक्यात, लढाईच्या पोटी भूमिकेचा खेळ जन्मला. आम्ही तो पुन्हा लढाईच्या अंगणात आणून सोडला, इतकेच.

आता प्रत्यक्ष मांडणी सांगतो, कारण अशा गोष्टींची गंमत तपशिलात असते.

आम्ही घोडखिंड निवडली. सिद्दी जौहराने १६६० साली पन्हाळगडाला वेढा दिला होता. १२ जुलैच्या रात्री शिवाजी महाराज गडावरून निसटले, आणि दुसऱ्या दिवशी विशाळगडाच्या वाटेवरील या खिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांनी सुमारे तीनशे मावळ्यांनिशी पाठलाग अडवून धरला. पुढे तिलाच पावनखिंड हे नाव पडले, हे सर्वांना ठाऊक आहे. एक बाहुली म्हणजे वीस माणसे या हिशेबाने तीनशेंचे पंधरा मावळे झाले. समोर आम्ही साठ बाहुल्या मांडल्या. खिंड अशी खोदली की, तिच्या तोंडात एका वेळी तीनच बाहुल्या शेजारी शेजारी उभ्या राहतील. म्हणजे साठ आणि पंधरा हा हिशेब संपला, आणि तिघांविरुद्ध तिघे हा सुरू झाला. भूगोलाच्या तासाला खिंडीची व्याख्या पाठ करून जे कळत नाही, ते मातीत बोटे घातल्यावर मुलांना पाच मिनिटांत कळते.

फाशांऐवजी आम्ही चिंचोके घेतले. चार चिंचोके एका अंगाने दगडावर घासले की ती बाजू पांढरी होते. चारही एकदम टाकायचे आणि पांढरे मोजायचे. सोळा प्रकारे ते पडू शकतात. त्यांपैकी एकदा एकही पांढरा नसतो, चार वेळा एक, सहा वेळा दोन, चार वेळा तीन आणि एकदा चारही पांढरे. फाशाचे तसे नसते. तेथे एक पडण्याचा आणि सहा पडण्याचा संभव सारखाच. चिंचोके मात्र मधल्याच आकड्याकडे ओढ घेतात आणि टोकाचा चमत्कार क्वचित घडवतात. लढाईला हेच अधिक शोभते, असे माझे मत आहे.

खिंडीवर चढून येणाऱ्याला घाव घालायला तीन पांढरे लागतात, म्हणजे सोळात पाच संधी. उंचावरून अडवणाऱ्याला दोन पुरतात, म्हणजे सोळात अकरा. साध्या बाहुलीला एक दम, म्हणजे एका घावात ती आडवी. एक डाव म्हणजे पाव तास. सहावी-सातवीच्या मुलांनी पाटीवर गणित केले : दर डावाला तीन हल्लेखोर मिळून सरासरी एकाहून किंचित कमी मावळा पाडतात, तेव्हा पंधरा मावळे सोळा डाव टिकतील. इकडे विशाळगडाची वाट बारा घरांची. दोन पांढरे पडले तर भगवी पताका एक घर पुढे सरकते. (महाराजांची भूमिका आम्ही कोणाला देत नाही, फक्त पताका सरकते.) बारा घरांना सरासरी साडेसतरा डाव लागतात. मावळे सोळा डाव टिकणार, वाट साडेसतरा डावांची. मधल्या दीड डावाचे काय?

येथेच संख्येचे नियम हात टेकतात आणि माणसाचे नियम पुढे येतात. बाजीप्रभूंची बाहुली वेगळी. तिला पाच दम, आणि ती उभी असेपर्यंत शेजारचा मावळा धीर सोडीत नाही. तो मधला दीड डाव त्यांनी भरून काढायचा.

अशा नामांकित माणसांसाठी आम्ही चिठ्ठ्या केल्या. वहीच्या पाठकोऱ्या पानावर चार ओळी लिहायच्या : हा कोण, कोठून आला, याला आज काय हवे आहे, याला कशाची भीती वाटते. बाजीप्रभूंची चिठ्ठी मुलांनी झरझर लिहिली. शिवा काशीद यांच्यापाशी मात्र ती अडखळली. महाराजांचा वेष घेऊन पालखीत बसलेला हा माणूस. मोजणीच्या नियमात त्याची ताकद शून्य, कारण तो लढतच नाही. पण तो शत्रूच्या छावणीत जितके क्षण ओळखला जात नाही, तितके डाव पताकेला फुकट मिळतात. एका मुलीने त्याच्या चिठ्ठीवर लिहिले, “गप्प बसणे.” त्याचा नियम आम्ही नंतर तिच्याच त्या दोन शब्दांवरून बांधला : दर डावाला चिंचोके टाकायचे, चारही काळे पडले की सोंग उघडे.

शत्रूच्या चिठ्ठ्या लिहायच्या वेळी खरी अडचण उभी राहिली. ती समजण्यासाठी आमच्या भागाची थोडी माहिती द्यायला हवी. जोयडा, हल्याळ, यल्लापूर, अंकोला, मुंडगोड या तालुक्यांच्या रानांत सिद्दी समाजाची वस्ती आहे. पोर्तुगीज अमदानीत आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या आणि गोव्यातून निसटून घाटमाथ्यावरच्या जंगलात आलेल्या माणसांचे हे वंशज, असे मानले जाते. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, आणि आमच्यासारखे ख्रिस्तीही आहेत. कन्नड, कोकणी, मराठी यांच्या सरमिसळीत ते आमच्याइतकेच मुरलेले आहेत. आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर याच्याशी त्यांचे घराण्याचे नाते जोडणे म्हणजे इतिहास नव्हे. मूळ आफ्रिकेचे आणि नाव एक, एवढेच साम्य. परंतु वर्गातल्या मुलांना एवढा विवेक कोठून असणार? सिद्दी जौहराचे सैन्य कोणाकडे द्यायचे असा प्रश्न निघाला, की सगळ्यांची बोटे आपोआप एकाच मुलाकडे वळत. तो मुलगाही निमूटपणे त्या बाजूला जाऊन बसे.

एके दिवशी चिठ्ठ्या लिहिताना त्याने मान वर न करता मला विचारले, “सर, आमच्यातला एकही माणूस महाराजांच्या बाजूला नव्हता काय?”

त्या प्रश्नाचे उत्तर इतिहासातच होते. पन्हाळ्याचा वेढा बाहेरून फोडण्यासाठी नेतोजी पालकर आले, तेव्हा त्यांच्याबरोबर सिद्दी हिलाल नावाचा सरदार महाराजांच्या बाजूने लढला. त्याचा मुलगा सिद्दी वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. प्रयत्न फसला, वेढा उठला नाही. पण आफ्रिकी वंशाचा बाप आपल्या मुलासह स्वराज्याकडून लढला होता. आणि उलट बाजू पाहा. महाराज विशाळगडाखाली पोहोचले, तेव्हा तेथे आदिलशाहीच्या वतीने मोर्चे लावून बसलेले होते सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी. दोघेही मराठे! मी ही नावे फळ्यावर लिहिली तेव्हा वर्गात काही वेळ कोणी बोलले नाही. मग आडनावाने सुर्वे असलेल्या एका मुलाकडे दोघा-तिघांनी वळून पाहिले, आणि तो बिचारा कानकोंडा झाला.

अद्भुतरम्य खेळांच्या नियमांत एक मोठा दोष आहे, तो या ठिकाणी सांगणे अगत्याचे वाटते. त्या नियमांत नायकाला नाव, गाव, स्वभाव, सगळे असते. समोरच्या राक्षसाला फक्त आकडा असतो. तो जन्मतःच दुष्ट, त्याला मारताना विचार करायचा नसतो. सर्पासुरांच्या गोष्टीत हे चालून जाते. आपल्या वेताळालासुद्धा याहून अधिक बोलण्याची मुभा आहे, पण ते असो. खऱ्या लढाईला हे नियम लावताना ही राक्षसांची पुरवणी फाडून टाकावी लागते. नाहीतर समोरची साठ माणसे राक्षस होतात, आणि त्या बाजूला बसवलेला मुलगाही. आमच्याकडे तेव्हापासून नियम झाला, की दोन्ही बाजूंना सारख्याच चिठ्ठ्या. ज्याची चिठ्ठी लिहिता येत नाही, त्याला बाहुलीही मिळणार नाही.

मग पाठलागावर निघालेल्या सिद्दी मसूदची चिठ्ठी तयार झाली. रात्रभर पाऊस. अंगाला जळवा. एकदा पालखी पकडली तर आत भलताच माणूस. आता रिकाम्या हाताने जौहरासमोर जायचे कसे, ही भीती. गंमत अशी की, सिद्दी हिलालची चिठ्ठी हातात आल्यावर त्या मुलाने ती नीट वाचली, घडी करून खिशात ठेवली, आणि म्हणाला, “आता मी मसूद होतो. मला चालेल.” कोणी बोट दाखवून बसवणे वेगळे आणि आपण होऊन बसणे वेगळे. त्या दिवशी तो जसा खेळला तसा पूर्वी कधीच खेळला नव्हता.

त्याने समोरून माणसे खर्ची घालण्याचे नाकारले. दहा बाहुल्या वेगळ्या काढून त्याने विचारले, “डोंगरावरून वळसा घालून मागे जाता येईल का?” नियमात याचे उत्तर नव्हते. पंच या नात्याने मी म्हणालो, “वाट कोण दाखवील?” येथे एक विनोदी योगायोग उपयोगी पडला. माझ्या घरी नाताळात येशूजन्माचा गोठा मांडतात. त्यातले मेंढपाळ आणि दिवाळीचे मावळे वर्षभर एकाच खोक्यात राहतात. त्यामुळे एक मेंढपाळ खांद्यावर कोकरू घेऊन खिंडीच्या डोंगरावर उभा राहिला होता. मुलांनी त्याला धनगर ठरवून आधीच चिठ्ठी दिलेली होती : “वाट माहीत आहे. मेंढ्यांची काळजी आहे.” मसूद त्याला काय देणार, मावळ्यांकडून त्याला कोणता त्रास झाला आहे काय, पावसात मेंढ्या सोडून तो येईल काय, यावर अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी चिंचोके टाकले आणि धनगर आला नाही. मसूद वाट चुकला. पाचव्या डावाला गेलेल्या दहा बाहुल्या अकराव्या डावाला होत्या त्याच जागी परत आल्या.

त्या दिवशी बाजीप्रभूंचे दोन दम शिल्लक असताना पताका गडावर पोहोचली आणि एका मुलाने पत्र्याचा डबा वाजवून तोफेची इशारत दिली. मुले नाचली. पण पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तुकडीने तोच डाव मांडला, तेव्हा चिंचोके उलटे पडत गेले. सोंग पहिल्याच डावाला उघडे झाले, पताका सातव्या घरात अडकली, आणि बाजीप्रभू पडले तरी डबा वाजला नाही. वर्गात सन्नाटा पसरला. एक मुलगी रडली.

ही बातमी गावात गेली आणि दोन दिवसांनी एक गृहस्थ मला भेटायला आले. माणूस सज्जन, मुलांच्या शिक्षणाची कळकळ असलेला. ते म्हणाले, “मास्तर, जे घडले नाही ते मुलांना कशाला दाखवता? तोफ वाजली होती. ती वाजलीच पाहिजे.” त्यांच्या म्हणण्यातली भावना मी समजू शकतो. देव्हाऱ्यातल्या मूर्तीशी खेळू नये, असे त्यांना वाटत होते. परंतु मी त्यांना एवढेच विचारले, “तोफ वाजणार आहे हे बाजीप्रभूंना ठाऊक होते का?” ते थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, “ठाऊक नव्हते.” आपण पुस्तकातले शेवटचे पान आधी वाचून ती खिंड पाहतो, आणि त्यामुळे तीनशे माणसांचे तेथे थांबणे आपल्याला सोपे वाटते. दुसऱ्या तुकडीतल्या मुलांना ते सोपे वाटत नाही. त्या गृहस्थांचे समाधान झाले की नाही, मी सांगू शकत नाही. पण त्यांनी आपल्या मुलाला खेळायला पाठवणे बंद केले नाही.

तरी एक पथ्य मी पाळतो. डाव संपला की खरे काय घडले ते सनावळीसह वाचून दाखवायचे. खेळातले आणि इतिहासातले यांची गल्लत होऊ द्यायची नाही. पंचाचे हे काम चिंचोके मोजण्यापेक्षा मोठे आहे.

यंदा मुलांनी भातवडी मांडायचे ठरवले आहे. १६२४ सालची ही लढाई अहमदनगरजवळची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळची. मोगल आणि आदिलशाही फौजा एकीकडे, आणि निजामशाहीचा वजीर मलिक अंबर दुसरीकडे. हा मलिक अंबर लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. त्याने दख्खनेत येऊन राज्य सांभाळले, जमीनमहसुलाची घडी बसवली आणि मोगलांना वर्षानुवर्षे झुंजवले. भातवडीला शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. आमच्या मसूदला ही चिठ्ठी मी अजून दाखवलेली नाही, पण त्याला सुगावा लागला आहे असे दिसते. तळ्याच्या मातीला पाणी धरते की नाही, हे तो रोज येऊन पाहून जातो. कारण मलिक अंबराने त्या वेळी भातवडीच्या तलावाचे पाणी फोडून शत्रूच्या छावणीत सोडले होते, आणि आमच्या पटावरही खरेच पाणी सोडायचे आहे.

या पाण्यावरून एक नवाच प्रश्न पुढे आला आहे. आमच्या तालुक्याचे जुने नाव सुपे. ते सुपे गाव १९८० च्या दशकात काळी नदीवरच्या धरणात बुडाले, आणि तेथली माणसे रामनगर वगैरे ठिकाणी उठून गेली. अशाच एका घरातली आजी नातवाचे तळे बघायला आली होती. तिने सगळी मांडणी शांतपणे पाहिली आणि विचारले, “पाणी सोडलं तेव्हा खालच्या शेतवाल्यांना कोणी सांगितलं होतं काय रे?” त्यावर मुलांपाशी उत्तर नव्हते, माझ्यापाशीही नव्हते. आता तळ्याखाली पाच घरांचे एक गाव वाढवले आहे. त्यातल्या माणसांच्या चिठ्ठ्या लिहिण्याचे काम सातवीच्या मुलींनी घेतले असून त्यासाठी त्या आजीकडे जाऊन बसत आहेत.